मातीवर नाव घालता येत नाही

परवा पुन्हा एका सत्काराचं आमंत्रण आलं. मोबाईलवर आलं, फुलांच्या कमानीत माझा जुना फोटो बसवून, आणि खाली मला 'क्रीडाक्षेत्रातील दीपस्तंभ' म्हटलेलं होतं. मी आयुष्यभर शाळेत खेळाची शिक्षिका होते. पोरींना पळवलं, फुटलेल्या गुडघ्यांना हळद लावली आणि शिपाई आला नाही की मैदानावरचं गवत स्वतः उपटलं. यात दीपस्तंभ कुठून आला हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. नगर जिल्ह्याला समुद्र नाही, एवढं तरी त्याला माहीत असायला हवं होतं. (जिल्ह्याचं नाव आता बदललं आहे, पण माझ्या तोंडात नगरच बसलंय, आणि या वयात तोंडाला नवीन वळण लावत बसायची माझी इच्छा नाही.) माझ्या कपाटात सत्काराच्या शालींचा एक आख्खा खण आहे. एकही शाल थंडीत कामाची नाही. फोटो होईपर्यंत खांद्यावर टिकावी एवढ्याच हिशोबाने ती विणलेली असते. मी त्यातली एक शिलाई मशीनवर टाकली आहे, एक लोणच्याच्या बरणीला बांधली आहे, बाकीच्या कामवालीनेही नेल्या नाहीत.

एरवी मी असलं आमंत्रण वाचून पुसून टाकते. हे ठेवलं, कारण ते ज्या ट्रस्टकडून आलं त्याची आणि माझी ओळख जुनी आहे. माझ्या लहानपणातलं एक वर्ष त्या ट्रस्टने खाल्लं. माझं एकटीचं असतं तर मी कधीच विसरले असते. पण संगीताचंही खाल्लं, आणि ते मी विसरलेली नाही.

आमचं गाव कोपरगावच्या पुढे, गोदावरीच्या अंगाला. चहूकडे ऊस. वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते आणि आमच्या घरात घड्याळाऐवजी कारखान्याचा भोंगा चालायचा. पहिल्या भोंग्याला आईची चूल पेटलेली असायची. भाकरी थापल्याचा आवाज, वडिलांचं घसा खाकरणं, बाहेर उसाच्या गाड्यांची करकर आणि बैलांच्या गळ्यातली घुंगरं, हे सगळं एकदमच सुरू व्हायचं. गळीत सुरू झालं की मळीचा आंबूस वास गावावर बसायचा, तो थेट उन्हाळ्यापर्यंत. पाहुणे नाकाला रुमाल लावायचे. आम्हाला तो वास आला नाही तर कारखाना बंद पडला की काय अशी धास्ती वाटायची. आई तोंडाने फटकळ आणि हाताने सुगरण. हुलग्याचे शेंगोळे करायची, तेव्हा पळीने ढवळता ढवळता गावातल्या एकेकाची अशी काही आरती ओवाळायची की शेंगोळे शिजायच्या आत निम्मं गाव शिजून निघायचं. पण तिचं खरं नाव झालं होतं मासवड्यांसाठी. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून ती वळायची आणि अशा एकसारख्या वड्या कापायची की एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. गावात कुणी बडा पाहुणा यायचा म्हटला की आईला बोलावणं ठरलेलं. आई जायची, करायची आणि घरी आल्यावर पाहुण्याची नक्कल करून दाखवायची.

आमच्या घरामागे मोकळी जागा होती. पूर्वी तिथं उसाच्या गाड्या सोडायचे, त्यामुळे तिथली माती बैलांच्या पायांनी तुडवून पिठासारखी झालेली होती. गाड्या पुढे कारखान्याच्या तळावर थांबायला लागल्या आणि ती जागा आम्हा पोरींना मिळाली. शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांना खेळाचा तास दिलेला होता. त्यांनी फक्कीने सुरेख रेघा आखून दिल्या, नियम पुस्तकातून वाचून दाखवले आणि ते पुन्हा आपल्या चित्रांकडे वळले. बाकीचा खो-खो आम्ही आमचाच शिकलो. दोन्ही टोकांना बाभळीचे दोन खांब पुरलेले होते, हात लागून लागून गुळगुळीत झालेले. आमचा एक रिवाज होता. संध्याकाळी खेळायला येताना प्रत्येक पोरीने घरून कळशीभर पाणी आणायचं आणि आपापला चौकोन शिंपायचा. पाणी चांगलंच असलं पाहिजे असं नाही. आई धुण्याचं शेवटचं पाणी माझ्यासाठी राखून ठेवायची. शिंपलेली माती थोडी मुरली की पाय घट्ट धरायची आणि पडलं तरी अंगाला लागू द्यायची नाही. सूर मारून गडी बाद करायचा तर अशी माती लागते. हे मी पुढे सरकारी प्रशिक्षणात शिकवलं, तेव्हा साहेबांनी ते 'क्रीडांगण व्यवस्थापन' या नावाने लिहून घेतलं.

जागेच्या पलीकडच्या अंगाला संगीताचं घर. तिच्या वडिलांना सगळे शंकरनाना म्हणायचे. बागायती शेत, घरात चार म्हशी आणि पोरगी एकच. संगीता आमच्यातली सगळ्यात चपळ. ती पळताना दिसायची नाही, पोचल्यावर दिसायची. शंकरनाना संध्याकाळी ओट्यावर वाखाचा दोर वळत बसायचे आणि एक डोळा पोरीवर ठेवायचे. पोरगी नजरेसमोर खेळते म्हणूनच खेळते, हे त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्या वर्षी आम्ही तालुक्याला पहिल्या आलो आणि जिल्ह्याच्या सामन्यांसाठी नगरला जायचं ठरलं. तिथून जिल्ह्याचा संघ निवडणार होते. संगीताच्या मामांनी शंकरनानांना समजावलं की जिल्ह्याच्या संघात आली तर पोरीला पुढे वसतिगृहात जागा मिळेल, नोकरीतही उपयोग होईल. शंकरनाना दोर वळता वळताच म्हणाले, "जिल्ह्याला निवडली तर शिकवतो. माझा शब्द हाय. न्हाई निवडली तर दहावी झाल्याव लगीन. ह्यो बी माझा शब्दच हाय." संगीताने ते ऐकलं आणि त्या संध्याकाळी दोन कळश्या पाणी आणलं.

आता या ट्रस्टविषयी. नगरच्या कुणा पेढीवाल्या शेठजींनी आपल्या आईच्या नावाने तो काढलेला. गावोगावच्या तालमी, वाचनालयं, भजनी मंडळं, शाळा यांना देणग्या द्यायचा. दानधर्म चांगलाच, मी त्याला नावं ठेवत नाही. पण या ट्रस्टची एक अट होती, ती कुठे लिहिलेली नव्हती आणि सगळ्यांना पाठ होती: ज्याच्यावर नाव घालता येईल असंच काहीतरी मागायचं. वाचनालयाला त्यांनी पुस्तकं दिली नाहीत, कपाट दिलं, कारण पुस्तक लोक घरी नेतात आणि कपाट जागेवर राहतं. ते कपाट आमच्या वाचनालयात वर्षानुवर्षं रिकामं उभं होतं, दारावर शेठजींच्या आईचं नाव घेऊन. तालमीला आरसा दिला, त्यावर नाव इतकं मोठं रंगवलं की पैलवानाला आपली छाती दिसायची नाही. शाळेला पंखा दिला. नाव पात्यांवर होतं. मग ट्रस्टची माणसं बघायला आली की मास्तर पंखा बंद करायचे, कारण फिरत्या पंख्यावरचं नाव वाचता येत नाही. भर उन्हाळ्यात माणसं घाम पुसत खाली उभी राहून पंख्याचं कौतुक करायची. हे मी स्वतः पाहिलं आहे, आणि तेव्हापासून मला कोणताही समारंभ गंभीरपणे घेता येत नाही.

गावात नवतरुण मंडळ होतं. त्याचे अध्यक्ष रंगनाथतात्या. नवतरुण म्हणावं असं त्यांच्यात काही उरलेलं नव्हतं, मिशीला कलप होता तेवढाच. माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगते. वाईट माणसाला शिव्या घालून मोकळं होता येतं. तात्यांना गावाचं भलं करायचंच होतं, फक्त ते करताना आपण मध्यभागी उभं असावं एवढीच त्यांची इच्छा असायची. आम्ही तालुक्याला जिंकल्याचं त्यांना कळलं आणि ट्रस्टचे कार्यवाह पाहणीला येणार होते, ते त्यांनी बरोबर जुळवलं. एका संध्याकाळी ते मैदानावर आले आणि म्हणाले, "पोरींनो, उद्या झ्याक कपडे घालून या. सायबांस्नी खेळ दाखवायचा. तुमी आपल्या मंडळाच्याच हाय ना?" आम्ही कोणत्या मंडळाच्या आहोत हे आम्हाला त्या दिवशीच कळलं.

कार्यवाहसाहेब आले. पांढरी सफारी, हातात रुमाल, मळीच्या वासामुळे तो नाकाजवळ. मासवड्यांचं जेवण झालेलं, त्यामुळे प्रसन्न. आम्ही खेळून दाखवलं. संगीताने खांबाला एका हाताने वळसा घालून अशी काही झेप घेतली की साहेबांचा रुमाल खाली आला. "छान, छान," ते म्हणाले, "बोला मुलींनो, काय हवं तुम्हाला?" मी पुढे झाले आणि म्हटलं, "माती."

साहेब हसले. तात्याही हसले, जरा उशिराने. "माती? अगं बाळ, खेड्यात मातीला काय तोटा?"

मी सांगितलं की इथली माती खेळून खेळून झिजली आहे, खालचा मुरूम वर येतो, गुडघे सोलतात. नदीकाठची गाळाची माती चाळून चार गाड्या टाकल्या तर नगरच्या सामन्यांपर्यंत चांगला सराव होईल. संगीता मागून म्हणाली, "आन् जमलं तर यस्टीचं भाडं." साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. खाली वाकून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा गोड आवाजात म्हणाले, "आम्ही तुम्हाला मातीत नाही लोळू देणार. मातीतून वर काढणार." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण मला वाटलं माती मिळाली.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती परात घासत होती. तिने नुसतं विचारलं, "मातीव नाव कुठं घालनार गं ते?" मला तिचा राग आला. हिला कुणाचं चांगलं म्हणून दिसत नाही, असं मला तेव्हा वाटायचं. आज माझी सून माझ्याबद्दल हेच म्हणते.

पुढचे काही दिवस आम्ही नदीकडच्या रस्त्याकडे डोळे लावून बसलो होतो. आला तो ट्रॅक्टर भलत्याच बाजूने आला. आम्ही शाळेतून परतलो तर आमच्या मैदानावर शहाबादी फरशीच्या चवडी रचलेल्या आणि गवंडी ओळंबा धरून बसलेले. एका टोकाला चबुतरा उठत होता, भाषणांसाठी. पोरी रडकुंडीला आल्या. संगीता सरळ तात्यांपुढे जाऊन उभी राहिली.

"तात्या, हितं आमी खेळतो."

"मंग खेळा की! कुनी अडवलंय? आता आनखी चांगलं खेळा. पायाला धूळ न्हाई, चिखूल न्हाई. पाटलाच्या सोप्यात बी आशी फरशी न्हाई."

"पडलं तर गुडघं फुटत्याल."

"पडायचंच कशाला म्हन्तो मी? नीट खेळावं!" तात्यांना स्वतःच्या या उत्तराचं एवढं कौतुक वाटलं की ते त्यांनी गवंड्याला पुन्हा ऐकवलं. खांब मात्र काढले नाहीत. मला त्यातल्या त्यात बरं वाटलं. नंतर कळलं की ते कापडी फलक बांधायला सोयीचे होते.

त्या रात्री वडील जेवताना म्हणाले की तक्रार करू नये, ट्रस्टने गावासाठी काहीतरी केलं. आई म्हणाली, "भीक नको पन कुत्रं आवर, आसं झालंय पोरींचं." आणि वडिलांच्या ताटात जरा जास्तच ठेचा वाढला.

उद्घाटन थाटात झालं. दोन खांबांमध्ये फलक, त्यावर शेठजींच्या आईचं नाव, खाली 'क्रीडांगण'. चबुतऱ्यावर खुर्च्या, टेबलावर झालर, झालरीवर गुलाबपाणी. पाहुण्यांचा सत्कार झाला, सत्कार करणाऱ्यांचा सत्कार झाला, ध्वनिक्षेपकवाल्यालासुद्धा नारळ मिळाला. स्वयंपाक केला म्हणून आईलाही दिला. तो घरी फोडला तर कुजका निघाला, आणि त्याचा आईला झालेला आनंद मी कधी विसरणार नाही. भाषणं संपता संपता ऊन कलायला लागलं तेव्हा कुणालातरी आठवलं की क्रीडांगण आहे, तर क्रीडा दाखवायला हवी. नगरहून खास छायाचित्रकार आणला होता. तात्यांनी आम्हाला फरशीवर उतरवलं. खडूने आखलेल्या चौकोनात पोरी चवड्यांवर बसल्या, एकीचं तोंड उगवतीला, पुढचीचं मावळतीला. मी पाठलागावर. संगीता मधल्या चौकोनात, मावळतीकडे तोंड करून.

शिट्टी झाली. पळणाऱ्यांत शांता नावाची एक लहानखुरी पोर होती. ती सवयीप्रमाणे खांबाला वळसा घालायला गेली आणि तिचा पाय फरशीवरून सुटला. ती तोंडावर आपटली. ओठ फुटला, दोन्ही गुडघे सोलले, पांढऱ्या फ्रॉकवर रक्त. आणि खुर्च्यांतून टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं तो खेळातलाच एक प्रकार आहे. कार्यवाहसाहेब तर म्हणाले, "वा, काय झोकून देतात!" शांताच्या आईने तिला उचलून नेलं. तात्यांनी हात हलवून मला खूण केली, चालू द्या.

मी पळत येऊन संगीताच्या पाठीवर हात टेकवला आणि ओरडले, "खो!"

संगीता उठली नाही.

मला वाटलं ऐकू गेलं नाही. मी पुन्हा "खो" म्हटलं, जोरात. खो मिळाल्यावर न उठणं हे आमच्या खेळात संभवतच नाही. झोपेत कुणी पाठीला हात लावून खो म्हटलं असतं तर आमच्यातली कुठलीही पोर अंथरुणातून उठून पळाली असती. संगीताने चवडे मोडले, सावकाश मांडी घातली, हात गुडघ्यांवर ठेवले. मावळतीचं ऊन थेट तोंडावर येत होतं, तिने डोळे मिटून घेतले. ओठ न हलवता मला म्हणाली, "मी न्हाई उठत, जा. कितींदा बी दे."

मी पुढच्या पोरीला खो दिला. तिने संगीताकडे पाहिलं, आणि तिनेही मांडी घातली. मग तिच्या पुढची. मी शेवटच्या टोकापर्यंत खो देत गेले आणि एकही उठली नाही. मग मला करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून मी खांबापाशी बसले आणि डोळे मिटले. पळणाऱ्या पोरी होत्या त्याही जागच्या जागी बसल्या. फरशी दिवसभर तापलेली होती, मांड्या भाजत होत्या. आमच्या कुणाच्याही मनात शांतता नव्हती, हे मी आज शपथेवर सांगायला तयार आहे. मी तर मनातल्या मनात तात्यांच्या मिशीला काडी लावत होते. आता गलका होईल, तात्या ओरडतील, शंकरनाना येऊन पोरीच्या थोबाडीत देतील, साहेब विचारतील की काय झालं, आणि मग सांगता येईल की ही जागा आमची आम्हाला परत द्या. मी वाट पाहत होते. कॅमेऱ्याचा खटका ऐकू आला. मग कार्यवाहसाहेबांचा आवाज, ध्वनिक्षेपकावरून, अगदी गहिवरलेला: "खेळाच्या शेवटी ध्यान! मित्रहो, ही आपली संस्कृती! शहरातल्या मुलींनी हे शिकायला हवं!"

टाळ्या. पहिल्यापेक्षा जास्त. तात्यांनी एका क्षणात चेहरा सावरला आणि जणू हे सगळं आपणच बसवलं होतं अशा ऐटीत मान डोलावली. राग दाखवायला माणसाजवळ काय असतं? ओरडणं, मारणं, नाही तर न उठणं. त्यातलं जे आमच्या हातात होतं ते आम्ही केलं, आणि त्या लोकांनी त्यालाही हार घातला.

नव्या वर्षात ट्रस्टचं कॅलेंडर आलं. पहिल्याच पानावर संगीता. मिटलेले डोळे, उन्हाने उजळलेला चेहरा, मागे अंधूक आम्ही सगळ्या. खाली छापलेलं: 'ग्रामीण कन्यांची ध्यानसाधना'. घरोघरी ते भिंतीवर लागलं, पोरीच्या तोंडाखाली लोकांनी दुधाच्या खुणा केल्या. आणि ट्रस्टने खूश होऊन मंडळाला पुढची देणगी दिली ती ध्यानवर्गासाठी सतरंज्यांची. जाड, निळ्या पट्ट्यांच्या, कोपऱ्यावर शेठजींच्या आईचं नाव विणलेल्या. ध्यानाला कुणी बसलं नाही. तात्यांच्या मुलीच्या लग्नात वऱ्हाड त्यांच्यावर जेवलं, आणि लग्न उरकल्यावर त्या कायमच्या फरशीवर आल्या. सपाट फरशी, वर सतरंजी, शेजारी चबुतऱ्याची सावली. गावातल्या रिकामटेकड्यांना याहून काय हवं होतं? दुपारपासून दिवेलागणीपर्यंत तिथं पत्त्यांचे डाव पडायला लागले. विड्यांचा धूर, शिव्या, मधूनच भांडणं.

शंकरनानांनी दोर वळता वळता दोन-तीन दिवस ते पाहिलं. मग उठून पोरीला घरात घेतलं. "बाप्ये बसत्यात तिथं. आता न्हाई जायाचं," एवढंच म्हणाले. आम्ही उरलेल्या पोरी नदीकाठी, तोडणी झालेल्या एका वावरात खेळायला लागलो. आईने वावराच्या मालकाला मासवड्या खाऊ घालून परवानगी मिळवली. पण ते वावर शंकरनानांच्या ओट्यावरून दिसत नव्हतं. मी रोज संध्याकाळी संगीताच्या दारावरून जायची. ती म्हशींना पाणी पाजत असायची. एकदा मला थांबवून तिने कळशी पुढे केली, "घिऊन जा. माझा चौकोन शिंप." मी नेली, शिंपला, आणि त्या चौकोनात बसायला कुणीच नव्हतं.

नगरला आम्ही तिच्याशिवाय गेलो. संघ पहिल्याच सामन्यात हरला, पण जिल्ह्याच्या संघात माझी निवड झाली. वसतिगृह मला मिळालं, शिक्षण मला, नोकरी मला. संगीताच्या पासंगालाही मी पुरत नव्हते, हे माझ्या सत्कारांत आजवर कुणी बोललेलं नाही. मी बोलायला लागले की लोक त्याला विनय म्हणतात. शंकरनानांनी दोन्हींपैकी दुसरा शब्द पाळला. येवल्याकडचं स्थळ आलं. ते लोक मुलगी बघायला आले तेव्हा माझी आई कांदेपोह्यांना मदत करायला गेली होती, तिने घरी येऊन सगळं सांगितलं. मुलाच्या आईने विचारलं, पोरगी खेळती म्हणं, उनाड तर न्हाई ना? तेव्हा शंकरनाना उठले, खुंटीवरचं कॅलेंडर काढलं आणि त्या बाईंच्या पुढ्यात धरलं. "बघा. पोरगी कशी हाय ती. बसवली तिथं बसती." त्या बाईंनी फोटो डोळे भरून पाहिला आणि स्थळ पक्कं झालं. आईने त्या वेळी कुणाचीही नक्कल केली नाही. चुलीपुढे बसली आणि म्हणाली, "आगं, तेवढा एकच दिस ती पोरगी कुनाचं ऐकत नव्हती."

आता त्या जागेवर शहाबादी नाही. ती उखडून सिमेंटचे रंगीत ठोकळे बसवले आहेत, तेही कुणाच्यातरी देणगीतून. परवाचं आमंत्रण आल्यावर ट्रस्टमधल्या एका तरुण मुलाचा फोन आला. बोलायला नम्र, 'मॅडम' म्हणणारा. म्हणाला, आम्हाला जुन्या कागदांत एक अप्रतिम फोटो सापडलाय. तुमच्या गावच्या मुली ध्यान करताना. तो आम्ही व्यासपीठामागे लावणार आहोत, आख्ख्या भिंतीएवढा. पुढे ज्या बसल्या आहेत त्या कोण हो? त्यांनाही बोलवायचं होतं.

मी त्याला काही सांगितलं नाही. त्याला समजावून सांगायला बसले असते तर त्याने त्याचीही छोटी फिल्म केली असती. मी संगीताला फोन लावला. तिचं आमचं बोलणं असतंच, दिवाळीला, आजारपणाला. नातवंडं झाली आहेत, गुडघे गेलेत, तरी आवाज तसाच तडफदार. मी तिला सगळं वाचून दाखवलं, दीपस्तंभासकट. भिंतीएवढ्या फोटोचं ऐकल्यावर ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

"येऊ का मी?" तिने विचारलं.

"ये की. पण कशाला?"

"पयल्या रांगेत बसू दोघी. माझं बी नाव कळव त्यास्नी. आपली नावं पुकारत्याल, उठा म्हनत्याल. मी काय उठनार न्हाई. तू बी उठू नको. डोळं मिटून घ्यायचं." ती पुन्हा हसली, आणि त्या हसण्यात मला ती पोर दिसली, दोन कळश्या घेऊन येणारी. "बघू तरी, ह्या बारीला काय देत्यात. मागच्याला सतरंज्या दिल्त्या."